मुलांच्या चालीने

शास्त्रभाग : उत्पत्ती ३३:१२-१७



याकोब आणि एसाव यांच्या भेटीवर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. एसाव धावत आला, त्याने भावाला मिठी मारली, दोघेही रडले. क्षमा आणि समेट या विषयांवर बोलण्यासाठी याहून चांगला शास्त्रभाग जुन्या करारात क्वचितच सापडेल. परंतु उपदेशक बहुधा त्या मिठीपाशीच थांबतो आणि शेवटचे गीत सांगतो. मीही तसे केले आहे. आज मात्र मिठीच्या पुढच्या दोन-तीन वचनांकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे.

रडणे झाले, भेटी देऊन-घेऊन झाल्या. एसाव म्हणतो, चला, आता निघू. त्याच्याबरोबर चारशे माणसे आहेत, सगळी वाटचालीला सरावलेली. याकोब त्याला थांबवतो. तो सांगतो की मुले अजून कोवळी आहेत, मेंढ्या-गाई पाजत्या आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटले तरी कळप मरून जाईल. तेव्हा आपण पुढे व्हा, मी या जनावरांच्या आणि मुलांच्या चालीने मागून येतो.

हे कोण बोलले? लेआ नव्हे, राहेल नव्हे. दोघी आया तेथेच उभ्या आहेत, पण मुलांचे पाय दुखतील हे चारशे पुरुषांसमोर बापाने सांगितले. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

हा तोच याकोब, ज्याने लाबानाकडे वीस वर्षे चाकरी केली. दिवसा ऊन, रात्री गारठा, डोळ्याला डोळा नाही, आणि धन्याने दहा वेळा वेतन बदलले, असे तो स्वतःच एकतिसाव्या अध्यायात सांगतो. त्याच वर्षांत त्याला अकरा मुलगे आणि दीना झाली. त्यांपैकी एखाद्याला त्याने कधी कडेवर घेतले की नाही, याविषयी शास्त्र गप्प आहे, म्हणून मीही फार बोलत नाही. पण बत्तिसाव्या अध्यायात यब्बोकाच्या उतारावर त्याची जांघ निखळली आणि सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालला होता. सगळे एकाच वेगाने चालत नाहीत, हे लंगडणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही.

कोणी म्हणेल, याकोब सेईरास गेलाच नाही, तो सुक्कोथास गेला, म्हणजे मुलांचे निमित्त करून त्याने भावाला टाळले. असेलही. याकोबाला साधुपुरुष ठरवण्याचा माझा हट्ट नाही. परंतु सुक्कोथास पोहोचल्यावर त्याने घर बांधले आणि गुरांसाठी मांडव घातले. सेईराविषयी तो खरे बोलला नसेल, मुलांविषयी खरेच बोलला.

आता थोडे माझ्या घरचे सांगतो. सांगताना लाज वाटते, पण उपदेशकाने दुसऱ्यांच्याच घरची उदाहरणे द्यावीत हे बरे नव्हे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बेळगावात उद्यमबागेतील एका फौंड्रीत स्टोअर्सला होतो. पत्नी एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स. मुलगी तीन वर्षांची. पत्नीला नाईट असली की ती सकाळी आठला सुटे आणि पावणेनऊला घरी येई. मला मात्र आठच्या ठोक्याला कार्ड पंच करावे लागे. मधला सव्वा तास मुलगी शेजारच्या मावशींकडे. एकदा मावशी आठवडाभर गावी गेल्या. पत्नीने तेवढ्यापुरते लवकर सोडण्याची विनंती केली, तेव्हा ज्यांना मुले सांभाळायची आहेत त्यांनी घरी बसावे, असे तिला सर्वांदेखत ऐकवण्यात आले. ती रडत घरी आली. मी काय म्हणालो? "मग सोड नोकरी."

ती म्हणाली, "अहो, तुम्ही तुमच्या साहेबांना कधी विचारलंत का?"

मी विचारले नव्हते. मुलीसाठी एक तास उशिरा येऊ द्या, असे एक पुरुष मागतो आहे म्हटल्यावर खात्यात हसतील, ही भीती. तिने नोकरी सोडली. त्याच वर्षी कुटुंब सप्ताहात मी नीतिसूत्रे एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीवर उपदेश दिला. लोकांना आवडला. घरी आल्यावर वाढता वाढता पत्नी म्हणाली, "त्या बाईच्या घरी दासी होत्या. पंधरावं वचन तुम्ही गाळलंत." खरेच गाळले होते.

दोन वर्षांनी मुलगा झाला, सासूबाई आजारी पडल्या आणि माझा नाइलाज झाला. मी साहेबांना विचारले. ते फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "नऊला या, सहाला जा. स्टोअर्सचं काम तसंही नऊनंतरच सुरू होतं." एवढेच. एका मिनिटाचे काम. पत्नीची जागा तोपर्यंत भरली गेली होती. आज ती एका लहान दवाखान्यात काम करते आणि जिला तिने सलाईन लावायला शिकवले ती मुलगी मोठ्या रुग्णालयात सिस्टर इनचार्ज आहे. पत्नी हे कधी बोलून दाखवत नाही. मला मात्र ते विसरता येत नाही.

कायद्याने आपल्या देशात पुष्कळ केले आहे, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. १९६१ च्या कायद्याने बाळंतपणाची १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. २०१७ मध्ये ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर आवश्यक ठरले, ज्यात आईला दिवसातून चार वेळा जाता येते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे नियम कायम आहेत. पण उद्यमबागेत वीस-पंचवीस माणसांचे कितीतरी कारखाने आहेत, त्यांना पाळणाघराचा नियम लागत नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की हे सारे आईच्या नावावर आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात. खाजगी कारखान्यातील बापाला केंद्राच्या कायद्याने एकही दिवस नाही. जेथे ई.एस.आय. नाही तेथे आईच्या रजेचा पगार मालकानेच द्यायचा. मग अर्जांच्या गठ्ठ्यात मुलगा आणि मुलगी समान पात्रतेचे निघाले, तर मालक कोणाला घेईल? सवलत एकट्या स्त्रीच्या खात्यावर लिहिली की ती तिच्या विरुद्धच जमा होते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८१ मध्येच १५६ क्रमांकाचा करार केला, त्यात कुटुंबाची जबाबदारी असलेले कामगार म्हणजे स्त्रिया आणि पुरुष दोन्ही, असे स्पष्ट धरले आहे. सोयीनुसार येण्या-जाण्याची कल्पनाही नवी नाही. म्युनिकजवळच्या ओटोब्रुन येथील विमाननिर्मितीच्या संस्थेत १९६७ मध्ये ती सुरू झाली : मधले काही तास सर्वांनी हजर राहायचे, बाकीचे मागेपुढे करून भरायचे.

घरातली बाजूही पाहू. २०२४ च्या सरकारी कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटे. कर्नाटकात जून २०२३ पासून स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. आमच्या मंडळीतील भगिनींना त्याचा मोठा आधार आहे. परंतु बसमधून उतरल्यावर जी दुसरी पाळी सुरू होते, तिला कोणते तिकीट? ते सरकार देऊ शकत नाही. ते भावांनो, आपल्याकडे आहे.

निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात फारोच्या मुलीने मोशेच्या आईला तिचेच बाळ दूध पाजण्यासाठी दिले आणि त्याबद्दल वेतन कबूल केले. राजवाड्यातल्या त्या परदेशी मुलीला समजले की बाळ सांभाळणे हे काम आहे. आपण देवाचे लोक, आपण मात्र त्याला काम म्हणायला तयार नसतो.

लवचीक वेळ म्हणजे अमर्याद वेळ नव्हे, हेही सांगायला हवे. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या मंडळीतील काही तरुण जोडपी घरून काम करू लागली. कुकरच्या शिट्ट्या होत असताना मीटिंग, मूल झोपल्यावर रात्री बारापर्यंत संगणक. एका भगिनीने सांगितले, "काका, ऑफिस सुटायचं तेव्हा निदान सुटायचं तरी." कळपाला एक दिवसही दामटू नये असे याकोब म्हणाला, त्यात पाजत्या मेंढ्याही आल्या.

आणि आपल्या मंडळ्या? आमच्या शब्बाथ शाळेत बारा शिक्षक, त्यांत नऊ स्त्रिया. शिक्षकांची सभा वर्षानुवर्षे शनिवारी संध्याकाळी सहाला. म्हणजे मुलांना भूक लागण्याची आणि नाईट असलेल्या सिस्टरने डब्यासह बाहेर पडण्याची वेळ. दोन नर्स भगिनींनी एकामागून एक वर्ग सोडला. आम्ही सभावृत्तांतात लिहिले : "अनास्थेमुळे." ते अक्षर माझे आहे, मी सेक्रेटरी होतो.

गेल्या वर्षी मी पंचांना विनंती करून ती नोंद दुरुस्त करून घेतली. दोघींच्या घरी जाऊन क्षमा मागितली. एक परत आली. दुसरीने चहा दिला, पण वर्ग घेतला नाही. सभा आता रविवारी उपासनेनंतर, मुले तेथेच खेळत असताना होते, आणि त्यांना सांभाळण्याची पाळी पुरुष शिक्षकांवर आहे. आम्ही तिघेच, त्यामुळे पाळी लवकर लवकर येते. आमच्या वडीलधाऱ्या पंचांची तक्रार आहे की गोंगाटात वृत्तांत नीट ऐकू येत नाही. त्यांचे खरे आहे. मागच्या महिन्यात तो दोनदा वाचावा लागला.