आधी टोक, मग तोड

घोडपदेव, मुंबई

चि. बाळ्यास,


तू केलेल्या लोखंडी आकड्याचा फोटो पाहिला. टोक फाटलंय आणि सांडशीत आवळून आवळून मागची बाजू चेपलीय. तू सळी आधी कापलीस आणि टोक काढायला नंतर बसलास, हो ना?

तीन सुती, म्हणजे जेमतेम 10 मिलिमीटरची सळी भट्टीतून ऐरणीवर येईपर्यंतच निवायला लागते. त्यात वीतभर तुकडा सांडशीत फिरतो, निसटतो. तू त्याला सावरतोस तोवर रंग गेलेला. म्हणून दोन हात लांब सळी घे. मागची बाजू गार राहते, तीच तुझी मूठ. गिरणीच्या लोहारखात्यात मीही शहाणपणा करून दहा तुकडे सकाळीच कापून ठेवले होते. दुपारी दहाही भंगारात गेले.

आता हिशोब. चौरस सळी टोकापर्यंत सारखी निमुळती केली की त्या भागाची लांबी तिप्पट होते. 15 सेंटिमीटरचं टोक हवं असेल तर 5 सेंटिमीटरवर पंचाने खूण कर. खडूची खूण भट्टीत टिकत नाही.

सळी पिवळी होऊ दे, पण नजर हटवू नकोस. बारीक सळी बघता बघता जळते. पांढऱ्या ठिणग्या उडाल्या की ते टोक गेलंच समज. टोक ऐरणीच्या पलीकडच्या कडेशी ठेव, हातोडा जरा तिरपा धर आणि आधी आखूड, बोथट निमुळतं कर. मग मागे सरकत लांबव. निवत्या लोखंडावर हलके हलके घाव घातलेस की वरचं लोखंड पुढे पळतं, गाभा मागे राहतो आणि टोकाला फट पडते. तुझं तेच झालंय. ती फट ठोकून मिटत नाही, कापूनच टाकावी लागते.

पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, एवढंच फिरव. समोरच्या दोन बाजू ऐरण सांभाळते. सळीचा शंकरपाळा झाला तर पुन्हा तापव, लांब कोपरा वर धरून हलके ठोक. गोल टोक हवं तरी आधी चौकोन, मग अष्टकोन, शेवटी गोल.

तोड सगळ्यात शेवटी. लाल असतानाच छिन्नीने पाऊण जाडीपर्यंत काप आणि उरलेलं वाकवून मोड. आरपार मारशील तर छिन्नीची धार ऐरणीवर बसेल.

दारुखान्याच्या भंगारबाजारातून सळी आणतोस, तेव्हा एक सांभाळ. तिथे 2014 साली जुन्या विक्रांतसारखी विमानवाहू नौका तोडायला घेतली. भंगारात कुठलं पोलाद येईल, सांगता येत नाही. ग्राइंडरवर लावून बघ. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. पोलादाच्या फुलबाजीसारख्या फुटतात. तसं पोलाद लाल असताना पाण्यात बुडवलंस तर तडकेल. जस्ताचा मुलामा असलेली सळी मात्र भट्टीत घालूच नकोस. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

गणपतीला येशील तेव्हा फाटका आकडा घेऊन ये, फेकू नकोस. टोक छाटून त्याची खुंटी निघेल. आणि सळी अख्खी आण.

तुझा,
मामा