बिल त्यांचं, पंखा माझा



आज वाचनात गीतेचा तिसरा अध्याय, श्लोक १२ आला. यज्ञातून मिळालेलं भोगायचं आणि परत काहीच द्यायचं नाही, अशा माणसाला भगवंत इथे सरळ ‘चोर’ म्हणतात. शब्द कडक आहे. आजवर हा श्लोक वाचताना मला वाटायचं, हे दुसऱ्या कोणासाठी तरी सांगितलंय. आज मात्र आमचा भाड्याने दिलेला फ्लॅट आठवला.

सहा वर्षांपूर्वी आम्ही राहत्या घरातले सगळे पंखे बदलून बीएलडीसी घेतले. साधा पंखा पूर्ण स्पीडला साधारण ७५ वॅट वीज घेतो, हा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. मी एक्सेलमध्ये हिशोब मांडून बायकोला कौतुकाने दाखवलाही होता.

त्याच महिन्यात भाड्याच्या फ्लॅटलाही तीन पंखे हवे होते. तिथे मी दुकानातले सगळ्यात स्वस्त, साधे पंखे लावले. हाही हिशोबच होता. पंख्याचे पैसे माझ्या खिशातून जाणार आणि बिल भाडेकरूच्या.

या एप्रिलमध्ये तिथल्या मुलाचा फोन आला. नवराबायको आणि लहान बाळ असं कुटुंब. “दादा, बिल फार येतंय. मीटर तपासून घ्यायचा का?” मी म्हटलं, “मीटर ठीकच असणार, वापर जरा बघा.” वर वीज वाचवण्याच्या टिप्सही व्हॉट्सॲपवर पाठवल्या. त्याने “थँक्यू दादा” लिहिलं. तेव्हा काही वाटलं नाही. आज श्लोक वाचताना ते “थँक्यू” टोचलं.

आता मन वकिली करतंच. भाडं दोघांच्या संमतीने ठरलं, पंखे त्याने बघूनच घर घेतलं, यात चोरी कसली? कायद्याने नाहीच. पण तीन पंख्यांचे मिळून महिन्याला जवळपास ५० युनिट जास्त जातात. आपल्याकडे १०० युनिटच्या वर गेलं की दर एकदम चढतो. मी एकदाच तीन-चार हजार वाचवले, आणि ते दर महिन्याला त्या घरातून थोडे थोडे जात राहिले. भोगलं मी, फेडतोय तो.

फक्त तोच फेडत नाही. पुढच्याच श्लोकांमध्ये भगवंत चक्र सांगतात: यज्ञातून पाऊस, पावसातून अन्न, अन्नातून जीव. विजेचंही असंच चक्र आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, इरई धरणाचं पाणी लागतं, आणि धूर नि राख तिथल्या लोकांच्या वाट्याला येते. शहरातल्या आपल्या घरात फक्त वारा येतो. वाया गेलेल्या प्रत्येक युनिटमागे कोणीतरी काहीतरी दिलेलं असतं, आणि ते आपल्या बिलात दिसत नाही.

म्हणून मला वाटतं, “भक्ताला नियमांची काय गरज, त्याला विवेक असतो” हे म्हणणं धोक्याचं आहे. मी इंजिनिअर आहे, आकडे मला पाठ होते, सकाळी गीताही वाचत होतो. तरी मी तेच केलं. आपल्याकडे २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा आला, २००६ पासून स्टार लेबल सुरू झालं, आणि २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही ते सक्तीचं झालं. ही सक्ती आधी असती तर माझ्या कंजूषपणाला खालून एक मर्यादा पडली असती. एसीचं तापमान सुरुवातीलाच २४ अंशांवर ठेवण्याचा २०२० चा नियमही तसाच: बिल कोण भरतो हे तो विचारत नाही.

पण नियमही एका जागी थांबतो. स्टार लेबल विकत घेणाऱ्याशी बोलतं. घेणारा मी आणि बिल भरणारा दुसरा असेल, तर ते पाच स्टार मला दिसूनही दिसत नाहीत. किमान मर्यादा कायदा आखतो. तिच्या वर किती चढायचं, हे ठरवताना तिथे फक्त मी असतो आणि माझा देव असतो. स्वतःच्या घरी वीज वाचवणं ही काटकसर झाली. धर्माची परीक्षा जिथे बिल आपल्या नावावर येत नाही तिथे होते: भाड्याच्या घरात, ऑफिसच्या रिकाम्या मीटिंग रूममध्ये, हॉटेलच्या खोलीत.

दुपारी त्या मुलाला फोन केला. पंखे माझ्यामुळे जास्त वीज खातात, हे सांगितलं. बोलायला जड गेलं. तो हसून म्हणाला, “अहो दादा, चालतं.” या शनिवारी हॉल आणि बेडरूमचे पंखे बदलतोय, तिसरा पुढच्या महिन्यात. मागच्या सहा वर्षांचं काय, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

आजचा छोटा संकल्प: आज एखादं बटण दाबताना स्वतःला विचारूया, याचं बिल कोण भरतंय?

रामकृष्ण हरी! उद्या भेटूया, श्लोक १३ घेऊन.