कागद कुणाच्या हातून आला?

विट्यात बी.कॉम.ला नव्याने गेलेली मुलं लेखापरीक्षणाचं पुस्तक उघडतात, तेव्हा त्यांची लवकरच किंग्स्टन कॉटन मिलच्या १८९६ सालच्या इंग्लंडमधल्या खटल्याशी गाठ पडते. हिशेबतपासनीस हा राखण करणारा कुत्रा, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, हे न्यायमूर्ती लोप्स यांचं म्हणणं पाठ होतं, परीक्षेत लिहिलं जातं आणि विषय तिथंच मिटतो. खरं तर यंत्रमागांच्या या गावात तो खटला परका वाटायचं कारण नाही. वाद कापसाच्या आणि सुताच्या साठ्याचाच होता.

गिरणीचा मॅनेजर वर्षानुवर्षं साठा फुगवून दाखवत होता. तपासनिसांनी त्याने सही करून दिलेला दाखला खरा मानला. खालच्या न्यायालयाने त्यांना जबाबदार धरलं, अपिलात ते सुटले. पण आरंभीच्या साठ्यात खरेदी मिळवून विक्री वजा केली असती, तर आकडा जुळत नाही हे तेव्हाही दिसलं असतं. एवढी बेरीज-वजाबाकी कुणी केली नाही, कारण दाखला हातात होता.

आता एखाद्या मागवाल्याच्या शेडमध्ये जाऊन बघा. सुताचे कोन रचलेले आहेत, बीम मागावर चढलेत. मोजले, वजन भरलं, म्हणजे काम झालं? मजुरीवर विणणाऱ्याच्या शेडमधलं सूत बहुधा व्यापाऱ्याचं असतं. ते डोळ्यांपुढं असूनही मागवाल्याच्या ताळेबंदात येत नाही. उलट, स्वतःच्या सुतावर कापड काढणाऱ्याचा काही माल सायझिंगला, म्हणजे सुताला खळ द्यायला, गेलेला असतो; तो शेडमध्ये दिसत नाही, पण हिशेबात असायलाच हवा. माल आहे का, तो कुणाचा आणि कोणत्या भावाने धरला, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पुस्तकात त्यांना अस्तित्व, मालकी, मूल्यांकन अशी भारदस्त नावं दिलेली असतात, म्हणून मुलं बिचकतात. ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना हे नावांशिवाय ठाऊक असतं.

अमेरिकेत १९३८ साली मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचा घोटाळा उघडकीला आला. कॅनडातल्या गोदामांत दाखवलेला माल मुळात नव्हताच. कागद मात्र चोख होते. त्यानंतर साठ्याच्या मोजणीला तपासनिसाने हजर राहायचं आणि येणं बाकी आहे की नाही हे थेट देणेकऱ्यालाच विचारायचं, अशी रीत पक्की झाली. तरीही ७ जानेवारी २००९ ला आपल्याकडच्या ‘सत्यम’ या संगणक कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी घोटाळ्याची कबुली दिली, तेव्हा ताळेबंदातली पाच हजार कोटींहून अधिक रोख आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नसल्याचं समोर आलं. बँकेचं पत्र बँकेकडूनच यायला हवं. ज्याचा हिशेब तपासायचा, त्याच्याच हातून ते आलं तर त्याचं मोल घटतं.

सगळंच तपासणं शक्य नसतं, म्हणून नमुना घेतात. विट्याच्या पंचक्रोशीतली गलाई करणारी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी माणसं देशभर पांगलेली आहेत. त्यांना हे सांगावं लागत नाही. मुशीतलं सोनं वितळून एकजीव झालं की चिमूटभर काढून त्याचा कस पाहायचा, तो सगळ्या लगडीचा धरायचा. फक्त हिशेबाची वही मुशीसारखी आपोआप एकजीव होत नाही. कारकून हसतमुखाने चांगली व्हाउचरं वर काढून देतो. त्याने दिलेली तपासणं म्हणजे त्याचंच म्हणणं पुन्हा ऐकणं. कोणती पाहायची, हे तपासणाऱ्याने ठरवायचं. आणि एवढं करूनही अहवाल वाजवी खात्री देतो, हमी देत नाही. हमी समजून निर्धास्त होणाऱ्यांचंच पुढं नुकसान होतं.

आपल्याकडं सहकारी संस्थेच्या दारावर ‘ऑडिट वर्ग अ’ची पाटी अभिमानाने लावतात. लावू देत. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यात कलम ८२ सुद्धा आहे. तपासणीत निघालेल्या दोषांचं काय केलं, याचा दुरुस्ती अहवाल त्याखाली द्यावा लागतो. जेवणाची घाई असलेल्या वार्षिक सभेत त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. लेखापरीक्षण शिकणाऱ्या मुलामुलींनो, घरातलं कुणी एखाद्या पतसंस्थेचं सभासद असेल, तर यंदाच्या सभेआधी त्यांच्याबरोबर संस्थेत जा आणि तो अहवाल मागा.