शाबासकीचे तिकीट



माझी मुलगी इथे अमेरिकेत सरकारी शाळेत तिसरीला आहे. शाळेत 'पीबीआयएस' पद्धत चालते. चांगले वागताना दिसलेल्या मुलाला लगेच शाबासकी आणि एक तिकीट, शुक्रवारी त्या तिकिटांवर खोडरबर नाहीतर स्टिकर. 1990 च्या दशकात ओरेगन विद्यापीठातून ही पद्धत पुढे आली. मी छडी खाऊन शिकलेला माणूस. भारतात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या मारावर बंदी आली, इथल्या काही राज्यांत तो अजूनही कायदेशीर आहे. त्यामुळे तिकिटांची चेष्टा मी करणार नाही.

पण मागच्या महिन्यात ती सांगत होती, वर्गात नवीन मुलगा आलाय, त्याला इंग्रजी येत नाही, डबा खाताना एकटाच रडत होता.

"मग तू गेलीस का त्याच्याजवळ?"

"नाही पप्पा, जागेवर बसलं तरच तिकीट मिळतं."

त्या दिवशी तिला तिकीट मिळाले होते. 'आदर' या गुणासाठी!

आम्हा आयटीवाल्यांना हे नवे नाही. किती तिकिटे बंद केली हे मोजू लागले, की माणसे सोपी तिकिटे आधी उचलतात.

'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (1936) बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांतला फरक दाखवला आहे. नियम काय करायचे ते सांगतो, तत्त्व विचार करायला लावते. नियमाने केलेली कृती योग्य असली तरी ती यांत्रिकच. लहानगा भीमराव शाळेत कोपऱ्यात गोणपाटावर बसायचा, ते गोणपाट रोज घरून न्यायचा. तेव्हा बाकीची मुले आपापल्या जागी शांतच बसली असतील. शाळेच्या नियमाने सगळी गुणी.

आठ वर्षांच्या मुलीला तत्त्व काय कळणार, असे कुणी म्हणेल. अंबलट्ठिकेत भगवंतांनी राहुलाला उपदेश केला तेव्हा तो सात वर्षांचा होता, असे परंपरा सांगते. आरसा पाहण्यासाठी असतो, तशी प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासून पाहा : हिने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होते का? त्यात बक्षीस कुठेच नाही. मी मुलीला रागावलो नाही, हेच तीन प्रश्न सोपे करून विचारले. ती बराच वेळ गप्प होती. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारून ती त्या मुलाशेजारी जाऊन बसली.

आता माझी गोष्ट. रविवारच्या धम्मवर्गात त्रिशरण-पंचशील पाठ म्हणणाऱ्या मुलांना मी स्वतः चॉकलेट देतो. 1973 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला ठाऊक आहे. आवडीने चित्रे काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना प्रमाणपत्र देऊ असे आधीच सांगितले, तर पुढे ती आपणहून चित्रे कमी काढू लागली. तरी चॉकलेटचा डबा बंद करायचा धीर होत नाही. उद्या मुले आलीच नाहीत तर?