मागल्या टाळकऱ्यासाठी

भजनात मृदंग वाजवायचा तो कोणासाठी? देवासाठी, असे आपण चटकन सांगतो. उत्तर खरेच आहे. पण त्या वेळी देव बसलेला असतो कोठे, हे कळायला आम्हांस फार वर्षे लागली. ती आमची चूकच आज आपल्यापुढे ठेवतो.

आम्ही काही नावाजलेले वादक नव्हे. दिवसा शेत, रात्री भजन. आळंदीस जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथे शिकून आलेल्या एका बुवांच्या पायाशी बसून आम्ही मृदंगाचे बोल घेतले. धुळ्याकडल्या आमच्या गावी एकादशीला मारुतीच्या पारावर सतरंजी पडे. मृदंगाला कणीक लावायची, टाळांच्या दोऱ्या बोटांना गुंडाळायच्या, मग रूपाच्या अभंगापासून भैरवीपर्यंत रात्र कशी सरे ते कळत नसे. शेजारगावी सप्ताह असला की सारे मंडळ निघे. पहाटे काकडा, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तनकाराच्या मागे उभे राहायचे, आणि काल्याच्या दिवशी वरण-बट्टीची पंगत. वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेला, कार्तिकी एकादशीला जळगावच्या रथाला. बिदागी कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही.

पण हात थोडा बसला, आणि डोक्यात वारे शिरले. अभंगाची चाल साधी असली तरी आम्ही तीत दुगण घालू, चौगण घालू. लोक माना डोलावत, आम्ही फुगत असू. आमच्यात एक म्हातारे बाबा होते, शेवटच्या रांगेत उभे राहणारे. चाल चढली की त्यांचा टाळ मागे पडे. तालुक्याच्या गावी भजनस्पर्धा आली, तेव्हा आम्ही चारचौघांत म्हणालो, "बाबा, या खेपेला टाळ ठेवा. तुम्ही आपले ऐकायला बसा."

बाबांनी टाळ खाली ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या एकादशीला ते पारावर आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. स्पर्धेत आमचा नंबर आला होता, पण ते सांगायची आज लाज वाटते.

आषाढीची दिंडी निघायची होती. घरच्या मंडळींनी टोचले म्हणून आम्ही बाबांकडे गेलो. टाळ खुंटीला टांगलेला होता. आम्ही बोलू लागलो, तर बाबा नुसते आमच्या तोंडाकडे बघत राहिले. दोनदा, तीनदा तेच सांगावे लागले. मग हळूच म्हणाले, "माले ऐकू येत नही, भाऊ. तुना हात देखीसन मी टाळ वाजाडस."

सज्जनहो, आमच्या पायांतले बळ गेले. त्यांच्या कानी ना अभंग पडत होता, ना मृदंग. आमच्या हाताकडे बघून तो म्हातारा जीव विठ्ठलाला टाळ वाजवीत होता. त्या हाताने नखरे सुरू केले, आणि त्यांची वाट बुजली. ते मागे पडले नव्हते, आम्हीच त्यांना सोडून पुढे पळालो होतो.

जळगावच्या रथाचा दृष्टांत घ्या. १८७२ साली अप्पा महाराजांनी तो उत्सव सुरू केला. दोर ओढायला शेकडो हात असतात, सर्वांची दृष्टी वरच्या देवाकडे. पण चाकापाशी वाकलेला एक जण असतो, मोगरी लावणारा. त्याच्याकडे कोण बघतो? तरी रथ कोठे थांबवायचा, कोठे वळवायचा, हे त्याच्या हाती. त्याने क्षणभर लोकांच्या वाहवेकडे पाहिले, तर चाक कोणाच्या तरी अंगावर जाईल. मृदंग ही भजनाची मोगरी आहे. तो सर्वांना धरून नेण्यासाठी आहे, मिरवण्यासाठी नाही.

आपल्याच भागातल्या मुक्ताईची पालखी पाहा. कोथळीहून निघून बुलढाणा, जालना, बीड करीत सुमारे महिनाभर चालून ती पंढरीस पोचते. तिची चाल कोण ठरवतो? तरणाताठा पताकावाला नव्हे. डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हातारीला झेपेल तीच दिंडीची चाल. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे देऊळ आहे. एवढा थोर योगी, चौदाशे वर्षांचा म्हणतात, तो लहानग्या मुक्ताईपुढे नमला, तेव्हा त्याचा अभिमान गेला. आमचा अभिमान एका बहिऱ्या टाळकऱ्यापुढे गेला. ज्याच्या त्याच्या वाट्याला त्याची मुक्ताई येतेच.

बाबा परत आले. आम्ही त्यांना पहिल्या रांगेत, मृदंगाच्या समोर उभे केले आणि साधा ठेका धरला. टाळ कधी मागे पडे, तेव्हा आम्ही हात सावकाश घेत असू. भजन काही बिघडले नाही. त्यांनी आम्हांस क्षमा केली का, हे विचारण्याचे धाडस मात्र आम्हांस कधी झाले नाही.

आता पारावर ध्वनिक्षेपक आहे, वाजवणाऱ्याचा हात गावभर ऐकू जातो. म्हणून एवढेच मागणे. आजच्या भजनात पहिली थाप मारण्यापूर्वी एकवार शेवटच्या रांगेकडे बघा. तेथे कोणाचे डोळे तुमच्या हाताला लागलेले असतील, तर देव तेथेच उभा आहे असे समजा.

॥ राम कृष्ण हरी ॥