खुंटाचे फुटवे



करवीरनिवासिनी श्रीमहालक्ष्मीच्या खालच्या उजव्या हातात महाळुंग आहे. वरच्या दोन्ही हातांत गदा आणि ढाल, खालच्या डाव्या हातात पानपात्र, आणि उजवीकडे हे जाड सालीचे, खडबडीत फळ. दर्शनाच्या गर्दीत ते निरखून पाहणारे थोडेच. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे वंशपरीक्षा करून असे ठरविले आहे की, आपले कागदी लिंबू आणि रानवट जंबेरी या दोहोंच्या पितृकुळात महाळुंग आहे. आज मला बोलावयाचे आहे ते या जंबेरीविषयी.

ती पुष्कळांच्या परसात असते, पण दिसत नाही. कारण ती जमिनीत असते. नागपुरी संत्रे आता आपल्या माळव्यात, आगर-शाजापूरकडेही होते. परंतु ते झाड बहुधा स्वतःच्या मुळावर उभे नसते. जंबेरीचे ताजे बी पेरून तिचा खुंट तयार करतात. (बी सुकवून ठेवाल तर उगवण्याची आशा धरू नये.) खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला म्हणजे हिवाळ्यात, जमिनीपासून सुमारे 9 इंचांवर, सालीला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर देतात, साल अलगद उचलतात, आणि संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा पानाच्या देठासकट काढून आत बसवितात व पट्टीने बांधतात. डोळा फुटला की वरचा खुंट छाटून टाकावयाचा. नखाएवढा तो डोळा! पण पुढे फांद्या त्याच्या, फुले त्याची, गोडी त्याची. मूळ मात्र जंबेरीचेच राहते, झाड मरेपर्यंत.

गुरूंचा अनुग्रहही असाच आहे. नाम आपल्या ठायी बसविले जाते, परंतु मूळ आपल्या जुन्या स्वभावाचे असते. राग, लोभ, मानापमान हे सारे त्या मुळात असते. पुष्कळ साधक या मुळाचाच द्वेष करू लागतात. ते योग्य नव्हे. मूळ उपटाल तर संत्रे कोणाच्या आधारावर जगेल? शिवाय त्या मुळाचे कूळही आईच्या हातातल्या फळाचेच आहे. मूळ राखावे, खुडावयाचे ते त्याचे फुटवे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या अंगणात असेच एक कलम होते. सांध्याच्या खालून दोन पानसोट निघाले; सरळ, तजेलदार, काटेरी. झाड जोमाने वाढते आहे म्हणून मी आनंदलो आणि त्यांना पाणी घालीत राहिलो. पान चुरगळून वास घेतला असता तर ते संत्र्याचे नव्हे, हे तेव्हाच कळले असते. काही वर्षांनी फळे आली ती आंबट, खरबरीत. वरची संत्र्याची फांदी तोवर वाळून गेली होती. “संत्र्याची जंबेरी झाली,” असे लोक म्हणतात. तसे होत नसते. जंबेरी आधीपासूनच होती. तिला वर येऊ दिले, इतकेच.

आणि त्याच वर्षांत वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून मी धाकट्या बंधूशी बोलणे टाकले होते. जपाचा नेम एक दिवस चुकला नव्हता. माझ्या त्या रागाला मी मनाशी न्यायबुद्धी म्हणत असे. तोही सरळ आणि तजेलदारच दिसत होता.

झाड तोडावे असे मनात आले, तेव्हा एका अनुभवी माळीदादांनी अडविले. बुंधा छाटा, नवा फुटवा येऊ द्या, तो बोटाएवढा होण्यापूर्वी त्यावरच डोळा भरा, असे ते म्हणाले. डोळ्याची काडी मात्र निरोगी, फळ देणाऱ्या झाडाची हवी. तसे झाड माझ्या माहितीत एकच होते. नागपूरकडे, बंधूच्या परसात.

पत्र लिहावयास मला चार दिवस लागले. पत्रात काडीचे निमित्त पुढे केले, क्षमेचे शब्द शेवटी दोन ओळींत लिहिले. क्रम उलटा हवा होता, हे आज कळते. उत्तर आले नाही. आठव्या दिवशी बंधू स्वतःच आला. ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून आणल्या होत्या. वाटणीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. तो अजून सुटावयाचा आहे.

डोळा त्यानेच बसविला. जाताना सांगून गेला की, तीन आठवड्यांनी देठाला हलकेच बोट लावून पाहा. गळून पडला तर डोळा लागला, वाळून चिकटून राहिला तर गेला. एकविसाव्या दिवशी स्नानानंतर मी बोट लावले. देठ गळून पडला. डोळा हिरवा होता.

आता रोज सकाळी पूजेपूर्वी मी सांध्याखालचा बुंधा पाहतो. काल दोन फुटवे होते, आज एक.