शरणागताचा जीव आणि वैद्याचा हात

कुत्र्यांनी पिटाळलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन बसला, पारध्यांनी तो मागितला, आणि शरण आलेला जीव स्वामींनी त्यांच्या हाती दिला नाही. लीळाचरित्रातील ही लीळा वासनिकांच्या घरातील लहान मुलासही ठाऊक असते. तीवरून अहिंसेचे निरूपण केले जाते ते योग्यच आहे. परंतु त्या सशाला जगावयाचे होते. जो आश्रयास येऊन मरणच मागतो, त्याचे काय करावे? असाध्य रोगाने पिडलेला मनुष्य वैद्यास ‘आता मला सोडवा’ म्हणतो, तेव्हा हा प्रश्न केवळ तर्काचा राहत नाही.

काही देशांनी त्याचे उत्तर कायद्याने दिले आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात 1997 पासून वैद्य प्राणघातक औषध लिहून देऊ शकतो; ते घ्यावयाचे रोग्याने स्वतः. नेदरलँड्समध्ये 2002 पासून वैद्याने स्वहस्ते प्राण घेण्यासही ठराविक अटींवर मुभा आहे. कॅनडाने 2016 मध्ये ही सोय केली, तेव्हा नैसर्गिक मृत्यू दृष्टिपथात असावा अशी अट होती. 2021 मध्ये ती सर्वांसाठी बंधनकारक राहिली नाही. यात नवल नाही. दुःख हेच एकदा मरण देण्याचे कारण ठरले की ‘मरण जवळ असावे’ ही अट टिकावी कशी? मरण दूर असलेल्याचे दुःख तर अधिक लांबते.

तरीही या पक्षाचे म्हणणे निर्दयपणाचे नाही. दयेतूनच ते निघाले आहे, आणि म्हणूनच विचारास कठीण आहे. मात्र दया दुःखितावर असते, केवळ दुःखावर नव्हे. दुःख घालविण्यासाठी दुःखितालाच घालविले, तर सुख कोणाला झाले? शास्त्रदृष्टीने तर जीव नित्य आहे आणि कर्माने बद्ध आहे. देह पाडल्याने त्याचे कर्म तुटत नाही. ‘सोडवणूक’ हा शब्द येथे लागूच पडत नाही.

परंतु याच ठिकाणी एक सावधगिरी अवश्य आहे. ‘त्याचा कर्मभोग आहे, भोगू द्या’ असे दुसऱ्याच्या खाटेशेजारी उभे राहून म्हणणारे पुष्कळ भेटतात. कर्माचा सिद्धांत स्वतःच्या वेदनेत धीर धरण्यासाठी आहे, शेजाऱ्याच्या वेदनेकडे पाठ फिरविण्यासाठी नाही. तसे नसते तर तापावर काढा देणेही अधर्म ठरले असते. आपल्या देशात 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फीन मिळणे इतके दुर्घट झाले की कर्करोगाच्या असंख्य रोग्यांना शेवटचे दिवस तळमळत काढावे लागले. 2014 च्या दुरुस्तीने काही वाट मोकळी झाली. केरळात कोझिकोडे येथे 1993 पासून वेदनाशमनाचे जे कार्य उभे राहिले, त्यात घरोघर जाऊन रोग्याची शुश्रूषा करणारे सामान्य लोक पुढे सामील झाले. वेदना आवरली, कोणी जवळ बसले, आपण घरावर भार नाही असे वाटू लागले, की मरणाची याचना पुष्कळदा मावळते. ज्या समाजाने हे केले नाही, त्याने रोग्याची ती याचना खरी मानण्याची घाई करू नये.

दुसरी बाजूही तितकीच विचारात घेतली पाहिजे. अहिंसा म्हणजे देह यंत्राला जखडून ठेवणे नव्हे. देहाचा अभिमान सोडून जो अनुसरला, त्याने अंतकाळी कृत्रिम श्वास नाकारला तर ती आत्महत्या म्हणता येत नाही. येथे भेद हेतूचा आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील कॅरेन क्विनलन या बेशुद्ध तरुणीचे श्वसनयंत्र न्यायालयाच्या अनुज्ञेने 1976 मध्ये काढले गेले, आणि ती स्वतःच्या श्वासावर 1985 पर्यंत जगली. यंत्र काढणाऱ्यांचे काम त्यामुळे फसले असे कोणी म्हणणार नाही. विषाची सुई देणाऱ्याचे मात्र रोगी जगला तर काम फसले. एकाने मृत्यूची वाट अडविणे सोडले, दुसऱ्याने मृत्यू आणला.

अन्न थांबविण्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. त्यांना श्वसनयंत्र नव्हते. त्या स्वतः श्वास घेत होत्या. त्यांचे अन्न बंद करून मृत्यू येऊ द्यावा, अशी एका लेखिकेची विनंती होती, आणि तीही करुणेचीच होती. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी ती अमान्य केली. जीवरक्षक उपचार काढून घेण्यास मात्र कडक अटींवर वाट ठेवली. रुग्णालयातील परिचारिका अन्न थांबविण्याच्या विरोधात होत्या. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना भरविले, कुशीवर वळविले, अंगाला शय्याव्रण होऊ दिला नाही, त्यांना ते अन्न उपचार वाटत नव्हते. मुक्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरविताना रोज हात कोणाचे लागले हे पाहणे वावगे नाही. घास भरविणे आणि यंत्र चालविणे ही एक नव्हेत, असेच त्या हातांचे म्हणणे होते.

पुढे 9 मार्च 2018 रोजी न्यायालयाने शुद्धीत असतानाच आपली इच्छा लिहून ठेवण्यास मान्यता दिली, आणि 24 जानेवारी 2023 रोजी तिची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती प्रमाणित करता येते. अतिदक्षता विभागाच्या दाराशी मध्यरात्री मुलाला कागद पुढे करून निर्णय विचारला जातो, तेव्हा त्या बिचाऱ्याला शास्त्रही आठवत नाही आणि वडिलांची इच्छाही ठाऊक नसते. यंत्रावर ठेवू नये, परंतु वेदनाशमन आणि मुखी घास, पाणी शेवटपर्यंत द्यावे, नामस्मरण ऐकू यावे, एवढे वासनिकाने आधीच लिहून ठेवले तर त्यात अहिंसेचा भंग नाही, आणि मुलाच्या शिरी जन्मभराचा संशयही राहत नाही.

अरुणा शानबाग 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेल्या. अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांचे आप्त आणि रुग्णालयातील माणसे दोघेही होते.